निळ्या पासपोर्टवर इंग्रजी शिकवायला

आशियातल्या देशांत इंग्रजी शिकवायला जाण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. पत्रं लांब होती, कापून घेतली. माझी ओळख एवढीच की आधी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात आणि नंतर काही वर्षं थायलंडच्या इसान भागात, नाखोन रातचासिमा इथे, मी इंग्रजी शिकवलं. तिथले लोक त्या गावाला कोरातच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मी एम.ए., बी.एड. (इंग्रजी). विनाअनुदानित शाळेत आठ हजारांवर शिकवतो. टीईटी झाली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नंबर लागत नाही. कोरिया, जपान, चीनच्या जाहिराती बघतो, पण सगळीकडे ‘नेटिव्ह स्पीकर’ मागतात. माझं शालेय शिक्षण मराठी माध्यमातलं. अर्ज करू की नको? – एक वाचक, इचलकरंजी

सर, करा, पण दार कुठलं उघडं आहे ते बघून करा. या जाहिरातींत तुमचं इंग्रजी नंतर ऐकतात, आधी पासपोर्ट बघतात. कोरियातल्या सरकारी शाळांसाठी ‘एपिक’ नावाचा कार्यक्रम आहे. तो सात देशांच्या नागरिकांसाठी चालतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी शेक्सपिअरच्या तोडीचं असलं तरी त्या यादीत आपण नाही. चीनही इंग्रजी शिक्षकाच्या वर्क परमिटसाठी इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचं नागरिकत्व मागतो. शिवाय जुलै 2021 मध्ये तिथल्या सरकारने खासगी शिकवण्यांवर बंधनं घातली आणि क्लासेसचा धंदाच बसला. चीन वहीतून खोडून टाका.

कोरियात मात्र एक फट आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 पासून लागू आहे. त्यात भारतीय नागरिकाला कोरियातल्या शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून ई-2 व्हिसा मिळण्याची तरतूद आहे. पदवी हवी आणि इंग्रजी शिकवण्याची अधिकृत पात्रता हवी. तुमची बी.एड. इथे कामाला येते. पण कागदावर तरतूद असणं वेगळं आणि जागा निघणं वेगळं, हे पवित्र पोर्टलवाल्यांना मी काय सांगायचं! अर्ज टाकून ठेवा, त्या भरवशावर राजीनामा देऊ नका.

जपानचा ‘जेट’ कार्यक्रम 1987 पासून सुरू आहे. तो जपान सरकारचा आहे आणि भारतातूनही माणसं घेतो, पण अगदी मोजकी. निवड वकिलातीमार्फत होते: साधारण पावसाळा संपल्यावर अर्ज, नव्या वर्षाच्या सुरुवातीला मुलाखती, जुलैअखेर-ऑगस्टमध्ये रवानगी. पहिल्या वर्षाचा पगार 2024 पर्यंत 33 लाख 60 हजार येन होता, त्यानंतर तो वाढवला आहे. जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. सहायक शिक्षकाला जपानी यावीच लागते असं नाही. पुण्यात जपानी शिकून वरच्या पातळ्या पास झालेली पुष्कळ मंडळी आहेत, त्यांनी याच कार्यक्रमातलं आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयकाचं पद बघावं.

जेटच्या बाहेर, खासगी कंपन्यांमार्फत जपानी शाळांत शिकवायचं तर तुमच्यासारख्यांना एक अडचण येते, ती आधीच सांगते. जपानमध्ये परभाषा शिकवण्याचा ‘इन्स्ट्रक्टर’ दर्जाचा व्हिसा घ्यायला त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. मराठी माध्यमवाल्याने अकरावी-बारावीची दोन, बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन आणि बी.एड.ची दोन अशी सगळी वर्षं इंग्रजीतली धरली तरी नऊच होतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना तो प्रश्न नाही, त्यांनी शाळेकडून माध्यमाचा दाखला घेऊन ठेवावा.

आता उघडी दारं. थायलंड बिगर-नेटिव्ह शिक्षकांना कायदेशीरपणे घेतं. पदवी हवी, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल हवा (टोईकमध्ये 600 हा आकडा बहुतेक शाळा सांगतील), नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी (नॉन-बी) व्हिसा आणि वर्क परमिट हवं. तिथली शिक्षक परिषद, तिला खुरुसफा म्हणतात, नुसत्या पदवीधराला तात्पुरती परवानगी देते. ज्याच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी आहे त्याला पूर्ण परवान्याची वाट मोकळी असते. इथे तुम्ही सात देशांतल्या कित्येक गोऱ्या पोरांच्या पुढे आहात, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांकडे बी.एड.सारखं काही नसतं. पगाराच्या पावतीवर मात्र हे दिसणार नाही. माझ्या आजूबाजूच्या फिलिपिनो आणि भारतीय शिक्षकांना 18 ते 25 हजार बात मिळत, आणि त्याच स्टाफरूममधल्या ब्रिटिश मुलाला त्याहून बरेच जास्त. हे अन्यायाचंच आहे, आणि मुलाखतीत त्यावर वाद घालून काही होत नाही. एका बातचे अडीच रुपयांहून जास्त होतात, शाळेने खोली दिली तर शिल्लक पडते.

दुसरं दार मालदीवचं. शाळांत शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आणि भारतीय शिक्षकांची जुनी परंपरा. केरळ-तमिळनाडूची माणसं तिथे पिढ्यान् पिढ्या जातात, आपल्याकडे मात्र मालदीव म्हटलं की हनिमूनच आठवतो. तिथे बी.एड.ला मान आहे. जाण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. नेमणूक राजधानी मालेत होईल असं नाही, एखाद्या लहानशा बेटावर होईल, जे टोकापासून टोकापर्यंत चालायला अर्धा तासही पुरतो. आणि पूजेच्या मूर्ती तिथे नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात, तेव्हा बॅगेत गणपती ठेवू नका. अलीकडे डॉलरच्या टंचाईमुळे स्टेट बँकेच्या माले शाखेतून घरी पैसे पाठवण्यावर मर्यादा आल्या आहेत. घरावर कर्जाचा हप्ता असेल तर करार सही करण्याआधी तिथे असलेल्या एखाद्या शिक्षकाला हेच विचारा, बाकी काही विचारलं नाही तरी चालेल.

माझी पदवी माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या. शिवाय एजंट म्हणतो प्रत्येक कागदाच्या ‘अ‍ॅटेस्टेशन’ला बारा हजार लागतील. हे खरं का? – एक वाचक, लातूर

ताई, परदेशी कचेऱ्या आपल्या नावांनी चक्रावतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिलंही. थाई कारकुनाच्या समोर ठेवलेल्या दोन कागदांवर मग दोन वेगळ्या बाया उभ्या राहतात.

तुमच्यापाशी दोन मार्ग आहेत. एक, विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, आणि विवाहाचा दाखलाही पदवीबरोबर प्रमाणित करून घ्यायचा. दोन, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून त्याची प्रत जोडायची. माझं मत दोन्ही करावं असं आहे. तिसरा मार्ग अजून लग्न न झालेल्या वाचकांसाठी: लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. पदवीचं नाव ठेवा आणि सासरी एकदाच काय ते बोलून घ्या.

बारा हजारांचं म्हणाल तर, कागद कुठून कुठे जातो ते आधी बघा. पदवी प्रमाणपत्र राज्य शासनाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडून प्रमाणित होतं, तिथून ते परराष्ट्र मंत्रालयाकडे जातं. जपान, कोरिया हे देश अपॉस्टिल (करारातल्या सगळ्या देशांत चालणारा प्रमाणीकरणाचा शिक्का) मानणारे आहेत, भारतही 2005 पासून त्या करारात आहे. त्यामुळे तिथे मंत्रालयाचं अपॉस्टिल लागलं की काम संपतं. थायलंडसाठी मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाची पायरीही चढावी लागते. थायलंडचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, ही आपली सोय. मंत्रालयाची फी अपॉस्टिलला कागदामागे 50 रुपये, साध्या प्रमाणीकरणाला काहीच नाही. मंत्रालय कागद थेट तुमच्या हातून घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं, त्यांचा सेवाआकार वेगळा पण किरकोळ. दूतावासाची फी आणि कुरियर धरलं तरी एजंटच्या बारा हजारांत मोठा हिस्सा तुमच्या बसभाड्याचा आणि वेळेचा आहे. लातूरहून दोनदा मुंबई गाठणं जमत नसेल तर द्या त्याला, पण कागदामागे नको, सगळ्याचे मिळून ठरवा.

पोलीस पडताळणीचा दाखला शेवटी काढा. तो पासपोर्ट सेवा केंद्रातून 500 रुपयांत मिळतो आणि तो ताजाच असावा अशी अट असते. उत्साहाने वर्षभर आधी काढलेला फुकट जातो.

परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं 120 तासांचं टेफल प्रमाणपत्र हजार रुपयांत ऑनलाइन मिळतंय. घेऊ का? – एक वाचक, ठाणे

घ्या, जर फक्त फाइलमध्ये लावायला हवं असेल तर. बऱ्याच शाळा नुसतं ‘120 तास’ एवढं बघतात. शिकवायला शिकायचं असेल तर केंब्रिजचा सेल्टा हा कोर्स घ्या. त्यात किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं आणि मागे बसलेला माणूस तुमचा प्रत्येक शब्द लिहून घेत असतो. तो महाग आहे. बी.एड. असेल तर मी सेल्टासाठी कर्ज काढणार नाही.

थायलंडच्या एका शाळेने ऑनलाइन मुलाखत ठेवली आहे, वीस मिनिटांचा डेमो द्यायचा आहे. मी दहावीला काळ आणि प्रयोग उत्तम शिकवते, तेच घेऊ का? शिवाय ‘नेटिव्ह नसताना तुम्हाला का घ्यावं’ असं विचारलं तर? – एक वाचक, नाशिक

मॅडम, काळ आणि प्रयोग अजिबात नको. आपण इथे इंग्रजी शिकवतो म्हणजे खरं तर मराठीत समजावून सांगतो. फळ्यावर वाक्य, खाली मराठी अर्थ, मग नियम, मग ‘रूपांतर करा’. मराठी काढून घेतली की आपल्यातल्या भल्याभल्यांची दहा मिनिटांत गाडी अडते. कोरातला पहिल्या दिवशी माझ्यासमोर पन्नासच्या आसपास मुलं होती, त्यांना मराठी येत नव्हती आणि मला थाई. त्या वर्गात प्रयोगाचा नियम सांगायचा कुठल्या भाषेत? डेमोत मुख्याध्यापक हेच बघतात.

एक छोटा प्रसंग घ्या. बाजारात वस्तूची किंमत विचारणं. थायलंडच्या 20, 50 आणि 100 बातच्या नोटांची चित्रं छापून घ्या, दोन-चार फळं टेबलावर ठेवा. आधी तुम्ही स्वतः दोन आवाजांत संवाद करून दाखवा. मग समोरच्या परीक्षकालाच गिऱ्हाईक करा. तुमचं बोलणं जितकं कमी तितकं बरं. सूचना देताना ‘आता मला असं वाटतं की तुम्ही सगळ्यांनी जरा जोड्या कराव्यात’ अशी लांबण नको. दोन बोटं दाखवा आणि ‘टू पीपल’ म्हणा, पुरे. आणि ‘अंडरस्टँड?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. थाई वर्ग एका सुरात ‘येस टीचर’ म्हणतो आणि कुणाला काहीही समजलेलं नसतं. त्याऐवजी ‘वही उघडायची की बंद ठेवायची?’ असं विचारा, उत्तरातच कळतं.

उच्चारांची तयारी दोन्ही बाजूंनी करा. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी ल आणि स टिकत नाहीत. ल चा न होतो, स चा त. म्हणून ‘फुटबॉल’चा ‘फुटबॉन’ होतो आणि ‘स्कूल’चा ‘सकून’. आपल्याकडच्या ‘इस्कूल’ला हसणाऱ्यांनी हे ऐकावं. र आणि ल ची अदलाबदल तर रोजचीच. पण ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक थाई मुलं आपल्यापेक्षा चांगला करतात, कारण ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या बोलण्यात खरंच जिवंत आहे, आपल्याकडे तो बराचसा शुद्धलेखनापुरता उरला आहे. आपली बाजू सांगायची तर ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण एकाच व मध्ये उरकतो, आणि भरभर बोलतो. आरशासमोर नको, मोबाइलवर आवाज भरून ऐका. अमेरिकन उच्चारांची नक्कल मात्र करू नका, ती तिसऱ्या मिनिटाला सुटते आणि मग दोन्हींचं हसू होतं.

राहिला ‘तुम्हाला का घ्यावं’. उत्तर पाठ करून जा, पण खरं उत्तर. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. त्याआधीची आपण माणसं पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेली. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ नाहीत, थाईतही नाहीत. मुलगा ‘आय गो टू द होम’ का म्हणतो हे ब्रिटिश मुलाला पुस्तकात शोधावं लागतं, तुम्ही स्वतः ते म्हणून बसलेल्या असता. पन्नासचा वर्ग तुम्ही रोज सांभाळता, वह्या तपासता, पालकांना तोंड देता. एवढंच बोला आणि थांबा. ‘भारतात इंग्रजी ही राजभाषा आहे’ वगैरे भाषण देऊ नका, त्यांनी ते आधीच्या पाच भारतीयांकडून ऐकलेलं असतं.

मुलाखतीच्या सुरुवातीला हात जोडून नमस्कार केलात तरी चालेल. त्यांचा ‘वाय’ त्याच चालीचा आहे आणि समोरचा चेहरा खुलतो.

मुलीला बँकॉकमध्ये इंग्रजी शिकवण्याची नोकरी लावतो म्हणून एजंट दीड लाख मागतोय. म्हणतो आता व्हिसा लागत नाही, पर्यटक म्हणून जाऊ दे, वर्क परमिट तिथे गेल्यावर. शाळेचं नाव तो पैसे दिल्यावर सांगणार. – एक पालक, बार्शी

पैसे देऊ नका. मुलीला पाठवू नका.

थायलंडने नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना दिलेली व्हिसामाफी ही फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे, त्यावर फळ्यापुढे उभं राहणं बेकायदा आहे. आणि जो शाळेचं नाव सांगत नाही त्याच्याकडे शाळा नसते. नोकरी म्हणून थायलंडला बोलावून तिथून म्यानमारच्या सीमेवरच्या म्यावाडीत नेलेले, आणि सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेले भारतीय थोडे नाहीत. मार्च 2025 मध्ये त्यांच्यातल्या 549 जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. कंबोडियातूनही आपल्या दूतावासाला माणसं सोडवावी लागली आहेत. त्या जाहिराती बहुतेक कॉम्प्युटरच्या कामाच्या होत्या, पण उद्या शिक्षकाची निघायला काय वेळ लागतो?

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि त्यांची यादी ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. या माणसाला फक्त नोंदणी क्रमांक विचारा. दीड लाखाचा विषय तिथेच संपेल. मुलीला खरंच शिकवायला जायचं असेल तर शाळेकडून मिळालेलं पत्र जोडून थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर नॉन-बी साठी अर्ज करता येतो, आणि त्याला एजंट लागत नाही.

मे महिन्यात कोरातजवळच्या शाळेत रुजू होते आहे. शुद्ध शाकाहारी आहे. दिवाळीला घरी यायचं आहे. काही खास? – एक वाचक, सांगली

अभिनंदन! वेळ चांगली साधलीस. थाई शाळेचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, पहिलं सत्र सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतं, दुसरं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. नवी भरती म्हणूनच मार्च-एप्रिलमध्ये आणि थोडी ऑक्टोबरमध्ये होते. दिवाळी ऑक्टोबरात आली तर सुट्टीत बसते, नोव्हेंबरात आली तर मुख्याध्यापकांना आतापासून गोड बोलायला लाग.

खाण्याचं अवघड आहे, खोटं कशाला सांगू. भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो, त्याला ‘नाम प्ला’ म्हणतात, आणि ‘मांस नको’ म्हटलं तरी तो पडतोच, कारण त्यांच्या लेखी ते मीठ आहे. ‘चे’ हा शब्द शीक. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला की तिथे मासा-मांसच काय, अंडं, लसूण-कांदाही नसतो. एक छोटा कुकर, हिंग, गोडा मसाला ने. तांदूळ आणि भाज्या तिथे झकास मिळतात. पपईच्या कोशिंबिरीत, सोमतामात, सॉस आणि सुकी कोळंबी दोन्ही असतात, नको म्हणून आधी सांग.

रोज सकाळी आठला झेंडावंदन असतं, शिक्षकांनीही उभं राहायचं. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवू नकोस, तिथे डोकं पवित्र मानतात. जूनमध्ये एका गुरुवारी ‘वाय ख्रू’, म्हणजे गुरुवंदना, होईल, मुलं गुडघ्यांवर येऊन फुलं देतील. त्या दिवशी साडी नेस, वर्षभर ओळख राहते.

आणि कागद. नॉन-बी व्हिसा आधी 90 दिवसांचा मिळतो, तिथे वर्षाचा वाढवून घेतात. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो. दिवाळीला निघण्याआधी ‘री-एन्ट्री परमिट’ काढायला विसरू नकोस: एका फेरीचं 1,000 बात, अनेक फेऱ्यांचं 3,800. ते न घेता देश सोडलास की वाढवलेला मुक्काम रद्द होतो आणि सगळे कागद पहिल्यापासून. विमानतळावरही ते काढून मिळतं, पण रांगेचा भरवसा नाही. कोरातच्या कचेरीत आदल्या आठवड्यात जाऊन ये, आणि जेवणाच्या सुट्टीत जाऊ नकोस, बारा ते एक खिडकी बंद असते.